मीटरवर ३४० आलं, आता घर विकायचं का?

पत्र : आमचं घर जुनं आहे आणि खाली तळघर आहे. मुलगी अभ्यासाला तिथेच बसते. सासऱ्यांना वरचा गोंगाट सोसत नाही, म्हणून त्यांची खोलीही तिथेच आहे. शेजारच्या घरात रेडॉन वायू जास्त निघाल्याचं कळलं, तेव्हा मी एक छोटा डिजिटल मीटर आणला. पहिल्या दिवशी ९० आलं, मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ३४०! त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मुलीचं टेबल मी वर आणून ठेवलं. सासरे मात्र हलायला तयार नाहीत. चाळीस वर्षं सिगारेट ओढलीय, अजून दिवसाला चार-पाच होतात, खोकलाही आहे. हे म्हणतात, भेगा सिमेंटने बुजवू आणि विषय संपवू. नणंद म्हणते, घरच विका. मला वाटतंय हवा शुद्ध करणारं यंत्र आणावं. सासऱ्यांचा खोकला याच वायूमुळे असेल का? आणि मुलीच्या अंगात काही साठून राहिलं असेल का?

उत्तर :

ताई,

सगळ्यात घाईच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घर विकू नका, आणि आज रात्री नीट झोपा. रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, आणि त्याचा धोका, म्हणजे फुफ्फुसाचा कर्करोग, वर्षानुवर्षांच्या श्वासांतून साचत जातो. तीन दिवसांच्या आकड्यांवरून घर सोडायची वेळ येत नाही. पण सिमेंटची एक पिशवी आणून हा विषय संपणारही नाही. तुमच्या तळघरात नेमकं काय चाललंय ते एकदा समजून घेतलंत, तर पुढचे बरेचसे निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या घराखालच्या माती-खडकात थोडं का होईना, युरेनियम आहे. ते माझ्या घराखालीही आहे. त्याचं अतिशय संथपणे रेडियम होतं, आणि रेडियमचा अणू फुटला की रेडॉन जन्मतो. रेडॉनच्या आधीचे या साखळीतले सगळे घन पदार्थ, खडकात रुतून बसलेले. रेडॉन मात्र वायू, तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून सटकतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं, म्हणजे आज जेवढा आहे त्यातला निम्मा जवळपास पावणेचार दिवसांनी उरतो. जमिनीतून वाट काढत घरात शिरायला एवढा वेळ पुरतो. त्याचाच भाऊबंद असलेला थोरॉन मिनिटभराच्या आतच निम्मा होतो, त्यामुळे तो बहुतेक वाटेतच संपतो.

मोकळ्या हवेत रेडॉन पांगून जातो. बाहेर त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ बेकरेल प्रति घनमीटर असतं (बेकरेल हे किरणोत्सार मोजायचं एकक, त्याचा अर्थ पुढे सांगते). अडचण होते ती घरात, कारण घर जमिनीतून हवा ओढतं. ताई, एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं. घरातली उबदार हवा वर चढते आणि वरच्या खिडक्यांतून, छताच्या फटींतून बाहेर जाते. तिची जागा भरायला खालून हवा यावीच लागते. ती फरशीच्या भेगांतून येते, भिंत आणि फरशी भेटतात त्या सांध्यातून येते, पाइपांसाठी पाडलेल्या भोकांच्या कडेने येते, पाणी उपसायच्या खड्ड्यातून येते. दाबातला फरक अगदी थोडा, काही पास्कलचा. कुणाला जाणवणारही नाही एवढा, पण तो रात्रंदिवस काम करत असतो. स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू केला की ही ओढ आणखी वाढते.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. बाहेर गारठा आणि आत ऊब असेल अशा रात्री दारं-खिडक्या बंद करा, पंखे बंद करा आणि पेटलेली उदबत्ती भिंत-फरशीच्या सांध्यापासून बोटभर अंतरावर धरून हळूहळू पुढे सरकवत न्या. बऱ्याच ठिकाणी धूर सरळ वर जाईल. एखाद्या जागी मात्र तो अचानक खोलीच्या बाजूला वाकलेला दिसेल, जणू कोणी सांध्यातून हलकी फुंकर घालतंय. ती जमिनीतली हवा. तिच्यात रेडॉन किती आहे हे धूर सांगत नाही, पण वाट कुठे आहे ते दाखवतो. अशा जागांवर खडूने खुणा करून ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

शेजाऱ्यांच्या आकड्यावरून तुमचा आकडा कळत नाही, हेही यातूनच आलं. खालचा खडक एकच असला तरी भेगा वेगळ्या, पायाची बांधणी वेगळी, खिडक्या उघडायची सवय वेगळी. त्यांच्याकडे जास्त निघाला म्हणून तुम्ही मीटर आणलात हे उत्तम केलंत. पण तुमच्या घराचा निकाल तुमच्याच घरात लागायचा आहे.

नणंदेला एक गोष्ट जरूर सांगा. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टॅनली वॉट्रस हे अभियंते लिमरिक अणुवीज प्रकल्पात काम करत होते. तिथे वीजनिर्मिती अजून सुरू व्हायची होती, तरी किरणोत्सार तपासणारं यंत्र त्यांच्यावर वाजायला लागलं. शोध घेतला तर किरणोत्सार प्रकल्पातला नव्हताच, तो ते घरून अंगावर घेऊन येत होते! त्यांच्या घरात रेडॉनचं प्रमाण सुमारे १ लाख बेकरेल प्रति घनमीटर भरलं. तुमच्या ३४० च्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. त्या घरात दुरुस्ती झाली, प्रमाण खाली आलं आणि काही महिन्यांनी ते कुटुंब त्याच घरात परत राहायला गेलं. १ लाखाचं घर दुरुस्त होऊ शकतं, तर तुमचंही होईल.

आता तुमच्या ९० आणि ३४० कडे येते. आधी पडद्यावरचं एकक पाहून घ्या. तुमचा मीटर बेकरेल दाखवतोय असं मी धरलंय. काही मीटर पिकोक्युरी प्रति लिटर दाखवतात, आणि अशी १ पिकोक्युरी म्हणजे ३७ बेकरेल प्रति घनमीटर. १ बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. १०० बेकरेल प्रति घनमीटर म्हणजे एक मीटर लांब, रुंद, उंच अशा हवेच्या ठोकळ्यात सेकंदाला रेडॉनचे शंभर अणू फुटतात. तुमच्या मीटरच्या पोटातली पोकळी मात्र एवढीशी असते. समजा तिच्यात पाच चमचे पाणी मावेल, म्हणजे २५ मिलिलिटर. तेवढ्या हवेत, १०० बेकरेल असताना, रेडॉनचा एक अणू फुटायला सरासरी जवळपास सात मिनिटं लागतात. तासाभरात सरासरी नऊ. आता नऊच्या जागी कधी सहा, कधी बारा होणं अगदी स्वाभाविक आहे, आणि बिचारा मीटर त्या मोजक्या टिचक्यांवरून खोलीचा अंदाज बांधतो. म्हणून सुरुवातीच्या एक-दोन दिवसांचा आकडा डोलत राहतो.

शिवाय रेडॉन स्वतःही खरोखर वरखाली होतो. बाहेरच्या हवेचा दाब उतरला, वारा सुटला, पावसाने आजूबाजूची जमीन भिजून तिची तोंडं बंद झाली आणि घराखालची तेवढी कोरडी राहिली, रात्रभर खिडक्या मिटलेल्या राहिल्या, अशा कितीतरी कारणांनी एकाच खोलीत दिवसागणिक दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो. तुमचे ९० आणि ३४० हे दोन्ही आकडे खरे असतील, पण निर्णय घ्यायला दोन्ही अपुरे आहेत.

तेव्हा मीटर एका जागी ठेवा आणि किमान तीन महिने तिथून हलवू नका. रोजचा आकडा बघायची सवय मोडा, मीटरवर दीर्घ काळाची सरासरी दिसते तीच पाहा. जागा निवडताना एवढं सांभाळा, की मीटर फरशीपासून किमान अर्धा मीटर वर असेल, बाहेरच्या भिंतीपासून फूटभर तरी लांब, खिडकी-दारापासून मीटरभर लांब, आणि उन्हात, हीटरजवळ किंवा पंख्याच्या झोतात नसेल. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर टाळा. काही जण मुद्दाम भेगेच्या तोंडाशी मीटर ठेवतात आणि मोठा आकडा पाहून हबकतात. भेगेपाशी कोणी नाक लावून बसत नाही. माणूस जिथे श्वास घेतो तिथलं मोजायचं. तुमच्याकडे ती जागा म्हणजे सासऱ्यांच्या पलंगाशेजारचं कपाट. दिवसाचे सर्वात जास्त तास तिथे तेच काढतात.

खर्चाचं काम काढण्याआधी दुसऱ्या साधनाने खात्री करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. यासाठी अल्फा-ट्रॅक डिटेक्टर नावाची छोटी डबी मिळते. तिला वीज लागत नाही, पडदा नाही, आवाज नाही. आत नखाएवढा खास प्लॅस्टिकचा तुकडा असतो. रेडॉन फुटताना निघणारे अल्फा कण त्या प्लॅस्टिकवर आदळून सूक्ष्म ओरखडे उमटवतात. तीन महिन्यांपासून वर्षभर ती डबी खोलीत ठेवायची आणि मग प्रयोगशाळेला पाठवायची. तिथे तो तुकडा दाहक सोड्याच्या द्रावणात बुडवतात, त्याने ओरखडे रुंदावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. मला ही पद्धत फार आवडते, कारण ती रोज घाबरवत नाही आणि शेवटी भरवशाची सरासरी देते. दोन ते सात दिवसांची कोळशाची चाचणीही असते. ती ढोबळ अंदाजाला ठीक आहे. त्यासाठी बारा तास आधीपासून खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि डबी बंद केल्याबरोबर पाठवावी लागते, कारण कोळशात अडकलेला रेडॉनही पावणेचार दिवसांत निम्मा होतो. तीन महिन्यांच्या मोजणीला मात्र खिडक्या बंद ठेवायची गरज नाही. एरवी राहता तसंच राहा.

सरासरी किती आली म्हणजे काळजी करायची? जागतिक आरोग्य संघटना १०० बेकरेलची पातळी सुचवते, आणि ते जमत नसेल तर कुठल्याही परिस्थितीत ३०० च्या वर नको म्हणते. अमेरिकेत १४८ ला दुरुस्ती करायला सांगतात, कॅनडात २०० ला. या आकड्यांच्या एका बाजूला सुरक्षित आणि दुसऱ्या बाजूला धोका, अशी काही भिंत उभी नाही. प्रमाण वाढतं तसा धोकाही वाढत जातो. मला विचाराल तर सरासरी ३०० च्या वर गेली तर कामाला लगेच लागा. १०० ते ३०० मध्ये असेल तर या वर्षाच्या आत उरकायचं ठरवा. आणि तुमच्या घरात सिगारेट ओढणारं माणूस तळघरात झोपतं, त्यामुळे १५० आले तरी मी चालढकल करणार नाही. का, ते आता सांगते.

खरं नुकसान रेडॉनपेक्षा त्याची अपत्यं करतात. रेडॉन स्वतः श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतेक तसाच बाहेर येतो. पण हवेत फुटला की त्याचं पोलोनियम होतं, पुढे शिसं, बिस्मथ, पुन्हा पोलोनियम. हे घन अणू धुळीच्या कणांना चिकटतात आणि श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर बसतात. तिथे ते फुटताना अल्फा कण बाहेर पडतो. तसा अल्फा कण दुबळा, कागदाने अडतो, अंगाच्या कातडीनेही अडतो. पण फुफ्फुसाच्या आतल्या नाजूक पेशींवर अशी कातडी नसते. म्हणून रेडॉनने फुफ्फुसाचा कर्करोग होतो. त्याच्या कारणांमध्ये धूम्रपानानंतर दुसरा क्रमांक अनेक देशांत रेडॉनचा लागतो.

युरोपातल्या तेरा अभ्यासांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये काढलेले आकडे मला सगळ्यात बोलके वाटतात. जन्मभर सिगारेट न ओढलेल्या हजार माणसांमध्ये पंचाहत्तरीपर्यंत फुफ्फुसाचा कर्करोग होण्याचं प्रमाण रेडॉन अजिबात नसताना सुमारे ४, १०० बेकरेलच्या घरात ५ आणि ४०० च्या घरात ७. सिगारेट ओढणाऱ्या हजार जणांमध्ये हेच आकडे सुमारे १००, १२० आणि १६० होतात. दोन्हीकडे रेडॉनने वाढ साधारण त्याच पटीत केली आहे, पण मुळातलाच आकडा मोठा असला की तीच पट किती माणसं नेते पाहा. पहिल्या गटात तीन, दुसऱ्यात साठ.

तुमच्या मुलीसाठी हे आकडे दिलासा देणारे आहेत. तिच्या अंगात रेडॉन साठून राहिलेला नाही. फुफ्फुसात बसलेली त्याची अल्पायुषी अपत्यं काही तासांतच संपतात. ज्याने मनाचं समाधान होईल अशी रक्ताची किंवा एक्स-रेची तपासणी यासाठी नाही, आणि तिची गरजही नाही. धोका घडतो तो दीर्घकाळच्या सरासरीने, म्हणून प्रमाण कमी केल्या दिवसापासून पुढची भर थांबते. टेबल वर हलवलंत ते राहू द्या, वरच्या मजल्यावर प्रमाण सहसा कमीच असतं. पण तिला घाबरवू नका. मीटरचा आकडा वहीत लिहायचं काम आठवड्यातून एकदा तिच्याकडेच द्या, मुलांना अशा कामात भीतीपेक्षा कुतूहल जास्त वाटतं.

सासऱ्यांच्या खोकल्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. रेडॉनमुळे खोकला येत नाही, डोकं दुखत नाही, दम लागत नाही. त्याचं तात्काळ जाणवणारं एकही लक्षण नाही. म्हणजे त्या खोकल्याचं कारण दुसरं आहे आणि ते शोधायला हवं. चाळीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाचा खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, बदलला असेल, कफात रक्ताचा अंश दिसत असेल किंवा वजन उतरत असेल, तर तीन महिन्यांच्या सरासरीची वाट पाहू नका. या आठवड्यातच डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि घरात रेडॉन मोजताय हेही त्यांना सांगा. सिगारेट सोडण्याचा फायदा त्यांना या वयातही होईल. रेडॉन कमी करून जो लाभ होईल त्याहून तो मोठा असेल. निदान घरात, आणि त्यातही तळघरात, एकही सिगारेट पेटणार नाही एवढा नियम आजपासून करा. 'मला काय होतंय' म्हणणाऱ्यांना स्वतःसाठी पटत नाही, नातीसाठी पटतं. तिच्या नावाने मागून पाहा.

आता उपायांकडे. हवा शुद्ध करणारं यंत्र यासाठी आणू नका. त्याची जाळी धूळ अडवते, वायू तिच्यातून आरपार जातो. धुळीला चिकटलेली थोडी अपत्यं त्यात अडकतात हे खरं, पण जमिनीतून रेडॉन येतच राहतो आणि नवी अपत्यं होतच राहतात. जमिनीतली आवक तशीच राहणार असेल तर त्या यंत्रावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

खिडक्या उघडणं हा तात्पुरता, पण खरा उपाय आहे. तळघराला समोरासमोर झरोके असतील तर ते उघडल्यावर आकडा पटकन खाली येतो. बंद केले की साधारण बारा तासांत तो पुन्हा होता तिथे. मात्र एक चूक टाळा. तळघर बंद आणि फक्त वरच्या मजल्याच्या खिडक्या सताड उघड्या, असं केलंत तर वरून हवा जास्त सुटते आणि जमिनीतून ओढ उलट वाढू शकते. उघडायचं तर खालचं आधी.

तुमच्या यजमानांचं सिमेंट... ते चुकीचं नाही, पण एकट्याने पुरणार नाही. हाताने सापडतात त्या भेगा बुजतील, कपाटामागच्या, भिंतीच्या पोकळ विटांमधल्या, फरशीच्या आच्छादनाखालच्या राहतील. घर थोडं-थोडं बसतं, नव्या भेगा पडतात. आणि जमिनीतली ओढ तशीच असल्यामुळे चार वाटा बंद केल्या तरी हवा पाचवीतून येते. बुजवायचं काम मुख्य उपायाच्या जोडीला जरूर करा, पण भिंत-फरशीच्या सांध्यात सिमेंटऐवजी पॉलियुरेथेनचं लवचीक सीलंट भरा. सिमेंट सुकताना आक्रसतं आणि कडेने पुन्हा केसाएवढी फट सोडतं.

मुख्य उपाय म्हणजे ओढीची दिशाच उलटवायची. घर जमिनीतून हवा ओढतंय ना? मग घराच्या आधी आपणच ती फरशीखालून ओढून घ्यायची. फरशीला एक भोक पाडतात, त्यातून हात घालून खालची एक-दोन बादल्या माती किंवा खडी काढतात, म्हणजे खाली छोटी पोकळी तयार होते. त्या पोकळीत पाइप उतरवायचा, फरशीशी त्याचा सांधा घट्ट बंद करायचा, पाइप घराच्या वर छतापलीकडे न्यायचा आणि वाटेत एक खास पंखा बसवायचा. तो पंखा चोवीस तास चालतो. फरशीखालचा दाब खोलीतल्या दाबापेक्षा कमी झाला की भेगा असल्या तरी हवा त्यांतून खोलीत यायच्या ऐवजी खोलीतून खाली जाऊ लागते. मघाशी खडूने खुणा केलेल्या जागी उदबत्ती पुन्हा धरून पाहा, आता धूर वळून भेगेत शिरताना दिसेल. तो पाहिला की काम झाल्याची जी खात्री पटते ती कुठल्या कागदाने पटत नाही. नीट बसवलेल्या अशा व्यवस्थेने रेडॉन निम्म्यापासून ते ९९ टक्क्यांपर्यंत कमी होतो.

काम करणारा माणूस निवडताना त्याला एकच प्रश्न विचारा: 'भोक कुठे पाडायचं हे कसं ठरवणार?' जाणकार माणूस आधी चाचणी घेतो. फरशीला एक भोक पाडून त्याला ताकदवान व्हॅक्यूम क्लीनर लावतो, खोलीच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिलएवढी बारीक भोकं पाडतो आणि तिथे धूर खाली ओढला जातो का ते पाहतो. फरशीखाली खडीचा थर असेल तर एका भोकाची ओढ सगळीकडे पोचते. घट्ट चिकणमाती असेल तर दोन-तीन ठिकाणी पाइप लागतात. जो न पाहताच 'इथे कोपऱ्यात टाकू' म्हणतो, त्याच्याकडून करून घेऊ नका.

पंखा राहत्या भागात नको, तळघरातही नको. माळ्यावर किंवा घराबाहेर बसवायचा. पंख्याच्या पुढच्या पाइपमध्ये हवा दाबाने जात असते, आणि तिथला एखादा सांधा गळला तर जमिनीतला सगळा रेडॉन तुमच्याच खोलीत सुटेल. पाइपचं तोंड छताच्या वर आणि खिडक्यांपासून लांब हवं. पाणी उपसायचा खड्डा असेल तर त्यावर हवाबंद झाकण बसवून घ्या. घराच्या काही भागाखाली उघडी माती असेल तर तिच्यावर जाड प्लॅस्टिकची चादर अंथरून, कडा चिकटवून, तिच्याखालून हवा ओढतात. आणि तळघरात गॅसवर किंवा लाकडावर चालणारी शेगडी, पाणी तापवायचा बंब असं काही असेल तर ते काम करणाऱ्याला आधी सांगा. खोलीतली हवा जास्त ओढली गेली तर त्यांचा धूर धुराड्यातून उलटा आत येऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइड रेडॉनसारखी वर्षं लावत नाही, तो काही तासांत जीव घेतो. तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवाच.

पाइपवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली काचेची किंवा प्लॅस्टिकची नळी बसवतात, आत रंगीत द्रव असतो. पंखा ओढत असेल तर द्रवाची एक बाजू वर आणि दुसरी खाली राहते. दोन्ही बाजू एका पातळीत आल्या की समजायचं, ओढ थांबली. ही नळी जाता-येता नजरेस पडेल अशी बसवून घ्या. माझ्या ओळखीच्या एका घरात सगळं उत्तम बसवलं होतं. पाहुणे आले, पंख्याची घरघर नको म्हणून कोणीतरी बटण बंद केलं आणि ते तसंच राहिलं. नळी कपाटामागे होती. वर्षभराने पुन्हा मोजलं तेव्हा आकडा पहिल्याएवढा! त्या घरातल्या आजी इतक्या हळहळल्या, की मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते: त्या बटणावर चिठ्ठी चिकटवा, 'बंद करू नये'.

काम झाल्यावर पंखा एक दिवस चालू द्या आणि मग महिन्याच्या आत पुन्हा मोजा. त्यानंतर दर दोन वर्षांनी, आणि घरात मोठी डागडुजी झाली किंवा नव्या खिडक्या बसवल्या तर त्याआधीही.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. तुमचं पाणी स्वतःच्या विहिरीचं किंवा कूपनलिकेचं असेल तर रेडॉन त्यातूनही येऊ शकतो, आंघोळीच्या वेळी पाण्यातून सुटून हवेत मिसळतो. फरशीखालची ओढ चालू असूनही आकडा उतरला नाही तरच पाणी तपासा. आणि ओट्याच्या ग्रॅनाइटची भीती घेऊ नका, त्याचा वाटा सहसा नगण्य असतो.

तर आज एवढंच करा. मीटर उचला, सासऱ्यांच्या पलंगाशेजारच्या कपाटावर ठेवा, तारीख लिहा. उद्या डॉक्टरांची वेळ घ्या. तीन महिन्यांनी सरासरी आली की मला पुन्हा लिहा, आणि सोबत तळघराचा साधा नकाशा काढून पाठवा. त्यात फरशी कशी आहे, पाणी उपसायचा खड्डा आहे का, पाइप कुठून आत येतात आणि खडूच्या खुणा कुठे पडल्या, एवढं दाखवा. मग काम करणाऱ्याला काय-काय विचारायचं ते आपण मिळून ठरवू.